काळ्या झाकणाखाली काय दडलंय?

दोस्तांनो, सोलापुरात दगडाला किती नावं आहेत, मोजलीत कधी? मराठी बोलणारा म्हणतो दगड. शेजारचा कानडी बोलणारा मित्र म्हणतो कल्लु. पूर्व भागातली तेलुगू बोलणारी मैत्रीण म्हणते रायि. आणि गल्लीत क्रिकेट खेळताना स्टंपाला टेकण शोधणारा ओरडतो, "अरे, एक पत्थर आण की!" चार भाषा, चार नावं. पण गंमत अशी, की सोलापूरच्या जमिनीतून निघणारा दगड मात्र जवळजवळ सगळा एकाच प्रकारचा.

विश्वास बसत नाही? मग जरा फिरून या. भुईकोट किल्ल्याच्या तटाचा दगड बघा. आजीचा पाटा-वरवंटा बघा. माळ्यावर पडलेलं जातं बघा. रेल्वेच्या रुळांखालची खडी (लांबूनच!) बघा. गावाकडच्या विहिरीत डोकावा. सगळीकडे तोच काळा, जड, कठीण दगड. त्याचं नाव बेसॉल्ट.

आता प्रश्न असा, की भूगोलाच्या पुस्तकात आपण पाठ करतो, "खडकांचे मुख्य प्रकार तीन : अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित." परीक्षेत लिहितो, गुण मिळवतो आणि विसरून जातो. का? कारण सोलापूरच्या मुलामुलींना पायाखाली एकच प्रकार दिसतो. बाकीचे दोन गेले कुठे?

ते दोघे लांब नाहीत. एक तर तुमच्या घरातच असेल. आज आपण तिघांनाही भेटू. त्यासाठी एक रेल्वेचा प्रवास करावा लागेल आणि एका खूप खोल भोकात डोकावावं लागेल. चला!

रंग नको, जन्म विचारा

आधी एक नियम पक्का करू. खडकांचे प्रकार रंगावरून पाडलेले नाहीत. कठीणपणावरूनही नाहीत, आणि दुकानातल्या भावावरून तर मुळीच नाहीत. ते पाडले आहेत जन्मावरून. प्रत्येक खडकाला एकच प्रश्न विचारायचा : "बाबा रे, तू तयार कसा झालास?"

रंगाने माणूस कसा फसतो, त्याचं एक उदाहरण. फरशीच्या दुकानात काळा चकचकीत दगड असतो. स्वयंपाकाच्या ओट्यावर बसवतात तो. दुकानदार त्याला काळा ग्रॅनाइट म्हणतो. पण शास्त्रज्ञाच्या हातात तो तुकडा दिला, तर बहुतेक वेळा तो म्हणेल, "हा ग्रॅनाइट नव्हेच. हा डोलेराइट किंवा गॅब्रो. म्हणजे बेसॉल्टचा सख्खा भाऊ." दुकानात कठीण आणि चकाकी घेणाऱ्या कितीतरी दगडांना ग्रॅनाइट म्हणून मोकळे होतात. शास्त्रात तसं चालत नाही. तिथे जन्माचा दाखला लागतो!

पहिला : आगीतून आलेला

आपल्या बेसॉल्टचा दाखला काय सांगतो? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या. त्यांतून वितळलेला खडक, म्हणजे लाव्हा, बाहेर आला. चित्रात काढतो तसा टोकदार डोंगर आणि वर धूर, असा प्रकार फारसा नव्हता. भाताच्या पातेल्यातली पेज उतू जाऊन शेगडीवर पसरावी, तसा हा लाव्हा पसरला. त्याचं तापमान हजार-अकराशे अंश सेल्सिअसच्या घरात. एक थर आला, थंड झाला. काही काळाने त्यावर दुसरा, मग तिसरा. असे थरावर थर बसून आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश त्याखाली आहे. यालाच डेक्कन ट्रॅप म्हणतात. स्वीडिश भाषेत 'त्राप्पा' म्हणजे पायरी. सह्याद्रीचे कडे लांबून पाहिले, की हे थर जिन्याच्या पायऱ्यांसारखे दिसतात. म्हणून हे नाव.

वितळलेला पदार्थ थंड होऊन जो खडक बनतो, तो अग्निजन्य. त्याच्यातही दोन तऱ्हा आहेत, आणि त्या समजायला स्वयंपाकघरात जाऊ. चिक्कीचा पाक ताटात ओतला, की तो झटकन गार होतो. त्यात स्फटिक दिसतात का? नाही. पण साखरेचा दाट पाक दोरा सोडून दिवसेंदिवस हलू न देता ठेवला, की मोठाले खडे तयार होतात. तीच खडीसाखर. खडकाचंही तसंच. लाव्हा उघड्यावर आला, लवकर निवला, म्हणून बेसॉल्टचे कण इतके बारीक, की नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाहीत. आणि वितळलेला खडक जमिनीच्या आत खोल अडकला, हजारो-लाखो वर्षं सावकाश निवला, की त्यात ज्वारीच्या दाण्याएवढे, कधी त्याहून मोठे स्फटिक वाढतात. तो झाला ग्रॅनाइट. त्यातले गुलाबी, पांढरे, काळे ठिपके बोट ठेवून दाखवता येतात.

तुम्ही म्हणाल, बेसॉल्ट आगीतून आला हे इतकं उघड आहे, तर त्यात शिकायचं काय? अहो, यावर युरोपात मोठं भांडण झालं होतं! जर्मनीतले वेर्नर नावाचे नामांकित शिक्षक शिकवत, की बेसॉल्टसुद्धा प्राचीन समुद्राच्या तळाशी साठून तयार झाला. त्यांचे विद्यार्थी ते ठामपणे सांगत. पण फ्रान्समध्ये देमारे नावाच्या गृहस्थांनी १७६३ साली बेसॉल्टचे खांब पाहिले आणि त्यांचा माग काढत काढत ते थेट एका विझलेल्या ज्वालामुखीपर्यंत पोचले. पुढे १७९८ साली स्कॉटलंडच्या जेम्स हॉल यांनी सरळ तसला दगडच भट्टीत वितळवला. झटकन गार केला तर काच झाली. सावकाश गार केला तर पुन्हा कणीदार दगड! चिक्की आणि खडीसाखरच म्हणा ना. भांडण हळूहळू मिटलं.

आपल्या बेसॉल्टचे सगळे थर सारखे नसतात, हे विहीर खणणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. एखादा थर अगदी घट्ट, सुरुंगाशिवाय न फुटणारा. एखादा वजरीसारखा भोकाभोकांचा. लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे तिथे अडकले होते. वरचा झिजलेला भाग म्हणजे मुरूम. घट्ट दगडाच्या पोटात पाण्याला जागाच नसते. पाणी साठतं ते मुरमात आणि भेगांत. म्हणून एका शेतात विहिरीला पाणी लागतं आणि बांधापलीकडे तेवढंच खणूनही कोरडी जाते. आपल्यासारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात दगडाचा जन्म कळणं म्हणजे नुसती परीक्षेची तयारी नव्हे.

दुसरा : पाण्यात साठलेला

दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल आहे. तिथे भीमा आणि सीना या नद्यांचा संगम होतो. तिथल्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. पण आज आपण शिलालेखासाठी नाही, नदीकाठच्या गाळासाठी तिथे जाऊ.

पुरानंतर काठावर गाळ बसलेला असतो. उन्हाळ्यात त्याला भेगा पडल्या, की कडेने नीट पाहा. एकावर एक पातळ थर दिसतील. एका पुराचा एक, दुसऱ्याचा दुसरा. जड वाळू आधी बसते, हलकी माती नंतर. आता कल्पना करा, की असा गाळ समुद्राच्या तळाशी लाखो वर्षं साठतोय. वरच्या थरांचं ओझं खालच्यांना दाबतंय. पाणी पिळून निघतंय. मधल्या फटींत चुन्यासारखी द्रव्यं शिरून कण एकमेकांना चिकटतायत. शेवटी जो दगड होतो, तो स्तरित खडक. आपण त्याला गाळाचा खडकही म्हणतो.

या स्तरित खडकांचीही तीन घराणी आहेत. एक, फुटक्या तुकड्यांचं : वाळूपासून वालुकाश्म, चिखलापासून शेल. दुसरं, पाण्यात विरघळलेली द्रव्यं खाली बसून झालेलं : यात बराचसा चुनखडक येतो. आणि तिसरं, जिवांच्या अवशेषांचं : चंद्रपूरचा दगडी कोळसा हा जुन्या काळच्या झाडांचा गाळच.

आता तुमच्या घरातला पाहुणा ओळखा. पायाखाली बघा! पूर्वीच्या वाड्यात, चाळीत, नळाजवळ, अंगणात ती निळसर-करडी फरशी असते ना? शहाबादी फरशी. ती चुनखडकाची. प्राचीन उथळ समुद्राच्या तळाशी साठलेली. फुटक्या फरशीच्या कडेला पाहा, पापुद्रे दिसतील. खाणीत कामगार थराच्या सांध्यात पहार घालून आख्खी फरशी उचकटून काढतात. बेसॉल्टची अशी फरशी काढायला जा बरं! तो फुटेल, पण पापुद्र्यासारखा सुटणार नाही. त्याचा जन्मच वेगळा.

तिसरा : भट्टीतून निघालेला

तिसऱ्यासाठी पुन्हा चुलीजवळ. ज्वारीच्या पिठाचा गोळा थापून तव्यावर टाकला, की काय होतं? तो वितळतो का? नाही. पण तव्यावरून उतरते ती भाकरी. आणि आपली कडक भाकरी तर महिना महिना टिकते. तिचं पुन्हा पीठ मळता येत नाही. उष्णतेने तिचं रूप बदललं.

खडकही असेच भाजले जातात. एखादा खडक जमिनीत खोल गाडला गेला किंवा वितळलेल्या खडकाच्या शेजारी सापडला, की प्रचंड उष्णता आणि दाब यांनी तो न वितळता बदलतो. जुने स्फटिक जाऊन नवे वाढतात. हा रूपांतरित खडक. शेलपासून पाटीचा दगड होतो. आजोबा ज्या काळ्या पाटीवर पेन्सिलीने लिहायचे, तो. चुनखडकापासून संगमरवर होतो. ताजमहालाला मकराण्याचा संगमरवर लावला, तो. वालुकाश्मापासून क्वार्टझाइट होतो. आणि ग्रॅनाइट दाबला, ताणला गेला, की त्यातले ठिपके ओळीत येऊन काळे-पांढरे पट्टे तयार होतात. त्या खडकाला म्हणतात नाइस.

एक लक्षात ठेवा. वितळला, की तो रूपांतरित उरत नाही. पुन्हा निवल्यावर अग्निजन्यच व्हायचा!

खिडकीजवळची जागा पकडा

आता सोलापूर स्टेशनवर या आणि रायचूरकडे जाणाऱ्या गाडीत बसा. प्रवास सुमारे अडीचशे किलोमीटरचा. खिडकी सोडू नका.

अक्कलकोट रोड गेलं, दुधनी गेलं. बाहेर काळी माती, काळा दगड. कलबुर्गी (पूर्वीचं गुलबर्गा) आलं, तरी काळा दगड आहेच. पण पुढे शहाबाद येतं, आणि चित्र पालटतं. रुळांच्या बाजूला करड्या फरशांच्या चळती रचलेल्या. खाणींच्या भिंतींत आडवे थर, वहीच्या पानांसारखे. त्यापुढे वाडी. तिथे सिमेंटचा मोठा कारखाना आहे. का? सिमेंटला चुनखडक लागतो म्हणून. शास्त्रज्ञ इथल्या या थरांना 'भीमा गट' म्हणतात. आपल्या भीमेचंच नाव!

गाडी आणखी पुढे जाते. यादगीर येतं. आता टेकड्या गोल गोल, मोठाल्या धोंड्यांच्या, कुणीतरी रचून ठेवल्यासारख्या. हा ग्रॅनाइट आणि त्याच्या सोबतीला पट्ट्यापट्ट्यांचा नाइस. रायचूरपर्यंत तेच.

म्हणजे एका प्रवासात काय काय पाहिलं? आधी बेसॉल्ट, मग गाळाचा खडक, मग ग्रॅनाइट-नाइस. हा क्रम योगायोगाचा नाही. ग्रॅनाइट-नाइस सगळ्यांत जुने. त्यांच्यावर कित्येक कोटी वर्षांपूर्वी समुद्र आला आणि चुनखडक साठला. त्यानंतर केव्हातरी फार उशिरा लाव्हा आला आणि त्याने बराच प्रदेश झाकून टाकला. सोलापूर या काळ्या झाकणावर बसलेलं आहे. शहाबादच्या बाजूला झाकणाची कड संपते आणि खालचं उघडं पडतं. एवढंच!

किल्लारीचं भोक

पण झाकणावर बसून खाली काय आहे ते कळायचं कसं? ते एका दुःखद घटनेनंतर कळलं.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या आसपासची गावं झोपेतच कोसळली. हजारो माणसं दगावली. सोलापुरातही लोक घाबरून रस्त्यावर आले होते. घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांना ती पहाट आठवत असेल. किल्लारी आपल्यापासून सरळ रेषेत जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर.

लोक म्हणत, "आपलं पठार म्हणजे पक्का काळा दगड, इथे कुठला भूकंप?" कोयनेला १९६७ साली भूकंप झाला होता, तरी हा समज टिकून होता. मग दगड असा हलला कसा? शास्त्रज्ञांनी झाकणाला भोक पाडून पाहायचं ठरवलं. किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र खणलं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यातल्या खडकांचा अभ्यास केला.

काय निघालं माहीत आहे? वरचे ३३८ मीटर बेसॉल्ट. त्याखाली फक्त ८ मीटर गाळाचा खडक. हा शहाबादचा चुनखडक नव्हे, पण लाव्हा येण्याआधी साठलेला गाळच. आणि त्याखाली नाइस, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा! अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित. पुस्तकातले तिघेही एकाच भोकात, एकाखाली एक. आपण रेल्वेतून आडवा पाहिला तोच क्रम इथे उभा होता.

आणि भूकंपाचं मूळ? ते बेसॉल्टमध्ये नव्हतंच. ते काही किलोमीटर खाली, त्या जुन्या खडकातल्या भेगेत होतं. वरचं झाकण पाहून पोटातलं दुखणं कळत नाही, हा किल्लारीने शिकवलेला धडा. पुढे कोयनेजवळही ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं. ते २०१७ साली पूर्ण झालं. तिथे बेसॉल्टची जाडी निघाली १,२४७ मीटर. म्हणजे झाकण पश्चिमेला जाड आणि आपल्या बाजूला पातळ होत जातं.

किल्लारीत इतकी माणसं गेली, त्याचं मुख्य कारण घरांच्या भिंती. जाडजूड, ओबडधोबड काळे दगड नुसत्या मातीत रचलेले. हादरा बसला, की भिंती फुगून सुटल्या. दगड कठीण होता, पण त्याची भिंत कठीण नव्हती. दोन्हींतला फरक कळला, तर पुढच्या वेळी माणसं वाचतील.

दगड कायमचा नसतो

दगड म्हणजे कायमचा, असं आपल्याला वाटतं. पण सोलापूरचा बेसॉल्ट उन्हापावसाने झिजतो, मुरूम होतो, मुरमाची काळी माती होते. त्या मातीत आपली ज्वारी येते. काही माती भीमेत वाहून जाते. भीमा रायचूरच्या उत्तरेला कृष्णेला मिळते, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. तिथे तळाशी तो गाळ साठतोय. कोट्यवधी वर्षांनी त्याचा स्तरित खडक होईल. तो आणखी खोल गेला तर भाजून रूपांतरित होईल. वितळला तर पुन्हा लाव्हा! याला खडकांचं चक्र म्हणतात. तुमच्या शेताची माती त्याच वाटेवर चालली आहे.

करून पाहा

१. शहाबादी फरशीचा फुटका तुकडा, बेसॉल्टची खडी आणि ग्रॅनाइटचा तुकडा मिळवा. बांधकामाजवळ पडलेले असतात, मालकाला विचारून घ्या.

२. तिघांवर लोखंडी खिळ्याने ओरखडा काढा. फरशीवर चटकन उमटेल. बाकी दोघे दाद देणार नाहीत.

३. ओरखड्याने निघालेल्या फरशीच्या भुकटीवर लिंबाच्या रसाचे थेंब टाका. बारीक बुडबुडे दिसतील. चुनखडकाची ही खूण. (घरातल्या चांगल्या फरशीवर किंवा संगमरवरावर करू नका. डाग पडेल आणि बोलणी बसतील!)

४. भिंगातून कण पाहा. बारीक की मोठे? थर आहेत, ठिपके आहेत की पट्टे? वहीत चित्र काढा आणि खाली दगडाचा जन्माचा दाखला लिहा.

खडीच्या खाणीत मात्र एकटे जाऊ नका. तिथे सुरुंग लावतात.

आणि पुढच्या वेळी ठेच लागली, तर दगडाला शिव्या देण्याआधी एकदा वाकून पाहा. मराठीत, कानडीत, तेलुगूत, कशातही विचारा, "काय रे, तू जन्मलास कसा?" आता त्याचं उत्तर तुम्हाला वाचता येईल.